आधी झाडू, मग राखण

सातारा, ६ फेब्रुवारी २०२५

चंदना हिस,

फोनवर तू मला ब्लॉक केलंस, व्हॉट्सॲपवर केलंस, आणि माझे ईमेल न उघडताच कचऱ्यात जातात हे मला ठाऊक आहे. पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही, म्हणून हे पत्र. दहावीच्या पेपरानंतर मी पत्र लिहिलेलं नाही, आणि त्या पत्राला मला पाचापैकी दोन मार्क मिळाले होते. तेव्हा चूकभूल पदरात घे.

तू नोव्हेंबरात नोकरी सोडून तासगावला गेलीस, तेव्हापासून ऑफिसात बरीच प्रगती आहे. चहाचं मशीन नवं आलं. तुझ्या खुर्चीवर आता प्रिंटर बसतो. तो तुझ्यापेक्षा कमी वाद घालतो, असं सयाजीराव साहेबांचं म्हणणं. मालकाला असाच माणूस हवा असतो, कागद घातला की मुकाट छापणारा.

आता कामाचं. आपण दोघं दीड वर्ष ज्याच्यावरून भांडलो तो डबा अखेर तयार झाला. शेडवाल्यानं बेदाण्याला गंधकाची धुरी दिली, की पंखा सुरू करायचा. मग डबा खोलीतला गॅस मोजतो, आणि आत जायला हरकत नसेल तर हिरवा दिवा लावतो. सगळं झकास चालतं. फक्त परवा टेबलावर तपासताना विसातून एकदा दिवा जरा लवकर हिरवा झाला. एकदाच. साहेब म्हणाले, "एकोणीस वेळा बरोबर ना? म्हणजे पंच्याण्णव टक्के. बोर्डात आले असते तर पेढे वाटले असते."

मला वाटतं, कंपायलरमधल्या तुझ्या 'राखण' टप्प्यातच काहीतरी राहून गेलंय. तू घाईत गेलीस. रागात गेलीस असं मी म्हणत नाही. तेवढं बसवून देतेस का? अट एकच, टप्प्यांचा क्रम न बदलता. क्रमाचा विषय साहेबांसमोर पुन्हा काढायची माझी छाती नाही.

तुझा (हे लिहायची अजून परवानगी आहे असं धरून),
इंद्रजित


तासगाव, १२ फेब्रुवारी २०२५

श्रीयुत इंद्रजित यांस,

पत्र पोचलं. दोन मार्क जास्तच दिले होते.

पोस्टमन पाकीट घेऊन शेडवर आला, तर अण्णांचे डोळे चमकले. "कुणाचं गं? लग्नाबिग्नाचं हाय का?" म्हटलं, कंपायलरचं आहे. आता आमच्या वडिलांना एवढ्यावर गप्प बसवता येत नाही. मग द्राक्षं जाळीवर टाकता टाकता सांगितलं. माणसानं लिहिलेला प्रोग्रॅम चिपला समजेल असा करून देतो तो कंपायलर. आमच्या साहेबांनी चिप घेतली स्वस्तातली, तिच्यात जागा देवळीएवढी. म्हणून वाटेवर आम्ही तीन टप्पे बसवले. प्रोग्रॅम एकेकाच्या हाताखालून जातो आणि बारीक होत होत बाहेर पडतो. अण्णा म्हणाले, "म्हंजे द्राक्षं आदी डिपिंगच्या त्यालात बुडवायची, मग जाळीवर, मग धुरी. तसंच की." आणि लगेच, "पर क्रम चुकला तर?"

अण्णा सातवी शिकलेत. तू एम.टेक. आहेस. त्यांना हा प्रश्न तिसऱ्या वाक्याला सुचला.

तुझ्यासाठी पुन्हा सांगते, कारण नोव्हेंबरात क्रम ठरला त्या सभेत तू खिडकीबाहेर बघत होतास. डबा गॅस दोनदा मोजतो. पंखा लागला की एकदा, आणि दोन मिनिटांनी पुन्हा. पहिल्या वेळी पंख्याच्या वाऱ्यानं आकडा फसवा येऊ शकतो, म्हणून दुसरी वेळ. तुझा 'झाडू' हुशार आहे. तो बघतो की एकच प्रश्न दोनदा विचारलाय, मधे प्रोग्रॅममध्ये काही बदललेलं नाही, मग दुसऱ्यांदा कशाला विचारायचं? दुसरा प्रश्न पुसून तो पहिलंच उत्तर परत वापरतो. त्याला काय माहीत की प्रोग्रॅम बदलला नसला तरी खोलीतली हवा बदलते. हे त्याला सांगायचं काम माझ्या 'राखण'चं. ती अशा प्रश्नांवर खूण करते, याला हात लावू नकोस म्हणून. ही खूण झाडू फिरायच्या आधी व्हायला नको का? नंतर करून काय उपयोग? बैल गेला नि झोपा केला.

आणि तुमचा क्रम काय? आधी साहेबांचा, सगळं दाबून बसवणारा 'आटप', मग तुझा झाडू, आणि शेवटी माझी राखण. का, तर साहेब मालक, तू सहा वर्षांचा जुना, आणि मी काल आलेली. लग्नपत्रिकेत नावं घालतात तशी साहेबांनी फळ्यावर यादी लिहिली होती. फक्त 'आमच्या येथे श्रीकृपेकरून' लिहायचं राहिलं. मी उठून म्हटलं, यानं डबा खोटं बोलेल. साहेबांनी तुला विचारलं, "इंद्रजित, फरक पडतो का रे?" तू म्हणालास, "तसा काही नाही, साहेब." हे चार शब्द मी सांगलीच्या एसटीत बसेपर्यंत चघळत होते.

दोन प्रश्न आहेत. मी एक ओळ लिहून ठेवली होती, राखण झाडूच्या आधी नसेल तर कंपायलरनं कामच थांबवायचं. ती ओळ असताना तुमचा डबा तयार कसा झाला? आणि बाहेर किती डबे गेलेत? सरळ आकडा सांग. टक्के नकोत.

चंदना


सातारा, २० फेब्रुवारी २०२५

चंदना,

अण्णांना नमस्कार सांग, आणि सांग की आमच्याकडे जागा निघाली तर पहिलं बोलावणं त्यांना.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं. डबे सगळे अजून कपाटात आहेत, कुलूप लावून. त्या ओळीचं म्हणशील तर नव्या आवृत्तीत ती कुठे गेली ते बघावं लागेल. आवृत्त्या बदलतात, ओळी इकडच्या तिकडे होतात, तुला माहीतच आहे.

एक आनंदाची बातमी. मी टूलचेन प्रमुख झालो, म्हणजे अख्खा कंपायलर आता माझ्या ताब्यात. दारावर पाटी लागली. पाटीत माझ्या नावाआधी साहेबांचं नाव आहे, पण अक्षरं माझीही बऱ्यापैकी मोठी आहेत. आई लोणंदहून पाटी बघायला आली होती. पाटीचा फोटो काढून तिनं साऱ्या नात्यात पाठवला, आणि आता मामा विचारतायत की टूलचेन म्हणजे सायकलची का.

मी एक युक्ती काढलीय. याद्या दोन ठेवायच्या. फळ्यावरची मानाची, आणि कंपायलरमधली कामाची. लग्नात पत्रिकेवर नाव आजोबांचं असतं, पण स्वयंपाक आचारीच करतो ना? साहेब कंपायलरची फाइल कधी उघडत नाहीत. योग्य वेळ बघून गुपचूप बदलून टाकतो. तू काळजी करू नकोस.

इंद्रजित
(टूलचेन प्रमुख. हे कंसात लिहिलंय, म्हणजे मी किती नम्र आहे ते कळावं.)


तासगाव, १ मार्च २०२५

टूलचेन प्रमुख साहेबांच्या सेवेशी,

तुमच्या कपाटाला पाय फुटले आहेत. त्यातला एक डबा परवा आमच्या शेडवर चालत आला. क्रमांक तेवीस.

अण्णांनी सांगलीच्या कृषी प्रदर्शनातून आणला. मला न सांगता आणला, कारण त्यांना मला चकित करायचं होतं. डबा माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "बग, तुज्या हातचा हाय. दुकानदाराला म्हणलं, ह्यो आमच्या पोरीनं केलाय. त्यो बी म्हणला, व्हय का?" मी हसले नाही, तर त्यांचा चेहरा उतरला.

त्याच संध्याकाळी धुरीच्या खोलीत लावून बघितला, बाहेरून, आत कोणी नसताना. चौथ्या वेळेला दिवा हिरवा झाला, आणि माझ्या हातातलं मोजायचं यंत्र आरडाओरडा करत होतं. चारातून एक, विसातून नव्हे. साहेबांना म्हणावं, पंचाहत्तर टक्के. तरीही पहिला वर्गच.

दिव्यावर मी काळी चिकटपट्टी लावली. अण्णांना सांगितलं, हा चुकीचा आहे, यावर जाऊ नका. ते म्हणाले, "कंपनीवर राग हाय तुजा, म्हाईत हाय मला. पर रागाच्या भरात आपल्याच मालाला नावं ठिवू न्हाई." आता त्यांना काय सांगू? माझ्या मालाला कोणी मागे ढकललं ते?

काल तुला माझ्या फोनवरून अकरा वेळा फोन लावला. हो, ब्लॉक काढून. तू उचलला नाहीस. ऑफिसात लावला, तर तक्रार नोंदवली म्हणाले. म्हणून हे पत्र एसटीच्या पार्सलनं पाठवतेय, उद्या सकाळी सातारा स्टँडवर मिळेल. हंगाम सुरू आहे, तालुकाभर रोज धुरी चाललीय. बाजारात विचारून विचारून मी नऊ शेडं शोधली आणि तिथल्या दिव्यांवर पट्ट्या लावून आले. दुकानदार म्हणतो, गिऱ्हाइकांची नावं कंपनीकडे असतात. बाकीची नावं पाठव. पत्रात मला तुझा एकही विनोद नको. नुसती यादी हवी.

चंदना


सातारा, ३ मार्च २०२५

चंदना,

एकेचाळीस डबे गेलेत. कपाटाचं मी खोटं सांगितलं.

फोन उचलला नाही, कारण तू काय विचारणार ते माहीत होतं आणि उत्तरही माहीत होतं. अकरा वेळा फोन वाजला तेव्हा तो मी उशीखाली ठेवला होता. लहानपणी अभ्यासाच्या वेळी रेडिओ ठेवायचो तसा.

पण यादी आत्ता पाठवली तर ती माझ्याकडूनच गेली हे उघड होईल. पंधरा तारखेला साहेबांचा पुण्यात सत्कार आहे, याच डब्यासाठी. शाल, नारळ आणि एक भलंमोठं मानचिन्ह. त्याआधी डबे परत मागवले तर साहेब मला त्याच शालीत गुंडाळतील. मला फक्त पंधरापर्यंत वेळ दे. सोळाला सगळे डबे रीतसर परत मागवतो, साहेबांच्या सहीनं. बारा दिवसांचा तर प्रश्न आहे. तोवर लोक आपलं नाक वापरतीलच की. धुरीचा वास काय लपतो का?

इंद्रजित


तासगाव, ९ मार्च २०२५

इंद्रजित,

राहीबाई सांगलीच्या दवाखान्यात आहे. शुद्धीवर आली. चार दिवस ऑक्सिजनवर होती. आज पहिल्यांदा बोलली, आणि आवाज तिचा वाटला नाही.

तुला राहीबाई माहीत नाही. बावीस वर्षं आमच्या शेडवर आहे, जतकडची, बापाबरोबर मेंढरांमागं फिरत आली आणि इथंच राहिली. धुरी झाली की दार सताड उघडून ती उंबऱ्यावर बसायची, आणि वास नाकाला झोंबायचा थांबला की आत जायची. तिला कुठल्याही दिव्याची गरज नव्हती. दिवा आमच्या अण्णांना हवा होता.

पाच तारखेला मी शेजारच्या गावात आणखी डबे शोधत होते. अण्णांनी पट्टी काढली. पोरीचा राग आहे, उतरेल, तोवर डबा वाया कशाला घालवायचा, असं त्यांना वाटलं. दिवा हिरवा झाला. राहीबाई म्हणाली, "आण्णा, वास येतोय अजून." अण्णा म्हणाले, "बिनघोर जा, आमच्या चंदनानं केलाय त्यो." आणि ती गेली. माझं नाव ऐकून गेली. मागच्या रांगेतला क्रेट उचलायला वाकली, तिथं गॅस तसाच साठून होता. तिला खोकलता येईना, ती तिथंच कोसळली. अण्णांनी पंचा तोंडाला बांधून तिला ओढत बाहेर काढलं. बासष्ट वर्षांचा माणूस.

चार दिवस झाले, अण्णा जेवायला बसतात आणि तसेच उठतात. काल म्हणाले, "तू सांगितलंतं. म्या आयकलं न्हाई." ते स्वतःला दोष देतायत, आणि मी त्यांना तुझं नाव सांगू शकत नाही, कारण मग त्यांना सांगावं लागेल की माझा मित्र होता.

तू लिहिलंस, वास काय लपतो का. लपत नाही. तिला वास आला होता. तिनं स्वतःच्या नाकापेक्षा आपल्या डब्यावर भरवसा ठेवला. तो भरवसा बसावा म्हणूनच आपण दीड वर्ष खपलो, आठवतं का?

मला तुझा राग येतो, आणि त्याहून जास्त लाज वाटते, की त्या सभेतून मी उठून गेले. मी बसून राहायला हवं होतं.

चंदना


सातारा, ११ मार्च २०२५

चंदना,

यादी सोबत आहे. एकेचाळीस नावं, गावं आणि फोन नंबर. तू शोधलेली नऊ त्यातली कुठली, ते तूच बघ.

आणखी एक. ती ओळ इकडची तिकडे झालेली नव्हती. मी ती पुसली. डिसेंबरात साहेबांना डबा चालू करून दाखवायचा होता, आणि कंपायलर अडून बसला. पडद्यावर तुझाच मजकूर आला, राखण आधी हवी, काम थांबवलं आहे. साहेब मागं उभे होते. म्हणाले, "गेली तरी आडवी येतेय का ही?" मी हसलो आणि ओळ खोडली. दिवा लागला. साहेबांनी पाठ थोपटली. पाटी त्याचंच बक्षीस आहे.

काल साहेबांना सगळं सांगितलं. राहीबाईचंही. ऐकून त्यांनी सत्काराची पत्रिका बाजूला सरकवली. मग म्हणाले, "बाई बरी आहे ना आता?" मी क्रमाचं काढलं. म्हटलं, साहेब, कुठल्याही सभेत अध्यक्षांचं भाषण शेवटी असतं. तुमचा टप्पा शेवटी हवा, त्यातच मान आहे. आधी राखण, मग झाडू, मग आपण. साहेबांचा चेहरा उजळला. "अरे, मग हे आधी का नाही बोललास?"

ऐकलंस? एक वाक्य. नोव्हेंबरात त्या सभेत हे एक वाक्य मला सुचलं असतं, तर तू खुर्चीवर असतीस आणि राहीबाई उंबऱ्यावर. मला ते सुचलं नाही, कारण मी शोधलंच नाही. मी खिडकीबाहेर बघत होतो.

क्रम बदलला. तुझी ओळ जिथं होती तिथं परत लिहिली. पण डबे परत मागवायच्या पत्रावर साहेब सही करत नाहीत. म्हणतात, सत्काराच्या तोंडावर नाव खराब होईल, कुरियरनं गुपचूप नवे पाठवू.

मला तुझ्याकडून काही नको. काय करू एवढं सांग.

इंद्रजित


तासगाव, १४ मार्च २०२५

इंद्रजित,

यादीतल्या उरलेल्या एकतीस जणांना मी आणि अण्णांनी एका दुपारी फोन केले. सगळ्यांनी दिवे झाकले. दोघांनी मला शिव्या दिल्या, एकानं लग्न झालंय का विचारलं.

काय करायचं ते सांगते. कुरियर नाही. रजा काढ आणि स्वतः ये. एकेक डबा उघड, नवा प्रोग्रॅम घाल, शेडवाल्याच्या समोर धुरी करून तपास. एकदा नाही, वीसदा. डबा खोटा होता आणि तो कोणामुळे खोटा होता, हे प्रत्येकाला तुझ्या तोंडानं सांग. सहीची गरज नाही. तुला जीभ आहे, असं मी ऐकून आहे.

आमचं शेड शेवटी घे. राहीबाई महिनाअखेरीला कामावर येते म्हणतेय. तू अण्णांशी काय बोलशील ते मला माहीत नाही. मी मधे पडणार नाही.

चंदना


सातारा, ५ एप्रिल २०२५

चंदना,

परवा तुमच्या शेडवर गेलो तेव्हा तू सांगलीला मुलाखतीला गेली होतीस, असं अण्णा म्हणाले. बरं झालं. तुझ्यासमोर मी नक्की काहीतरी विनोद केला असता. घडलं ते लिहितो, राहीबाईच्या तोंडून तुला कळेलच, पण माझ्याकडूनही कळावं.

तीन आठवडे लागले. रजा संपली, मग बिनपगारी घेतली, मग साहेबांनी ऑफिसातून निरोप पाठवला की पाटी उतरवलीय. उतरवताना तिच्यावरचं माझंच नाव तेवढं तासलं, साहेबांचं तसंच आहे. आईनं नात्यात अजून सांगितलेलं नाही. चाळीस शेडं केली. प्रत्येक ठिकाणी म्हटलं, डबा खोटा होता, चूक माझी. पहिल्या दोन ठिकाणी 'आमची' म्हटलं होतं, तिसऱ्यापासून 'माझी' जमायला लागलं. मणेराजुरीत एकानं डबा माझ्या पायावर टाकला. आकाराम तात्या म्हणून एक आहेत, त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मला जेवायला वाढलं. ते जास्त जड गेलं. पण एक मात्र सगळीकडे सारखं होतं. मी तपासून दाखवायचो, दिवा बरोबर वेळेला हिरवा व्हायचा, लोक मान डोलवायचे आणि मी पुढच्या गावाला निघायचो.

शेवटचं तुमचं. अण्णांना सगळं सांगितलं. ओळ कोणी पुसली, हेही. त्यांनी पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि ते आत गेले.

मग राहीबाई आली. आवाज अजून घोगरा आहे. डबा बसवला, धुरी दिली, पंखा लावला. दिवा हिरवा झाला. मी म्हटलं, "मावशी, आता बिनधास्त जा." ती जागची हलली नाही. म्हणाली, "आदी तुमी जावा."

चाळीस शेडांत हे कोणी म्हटलं नव्हतं, आणि मलाही सुचलं नव्हतं. वीस वेळा मोजून बघितलेला डबा, क्रम बरोबर, तुझी ओळ जागेवर. मी दार उघडून आत गेलो. तिनं ते काच बसवलेलं दार लावून घेतलं. मी मागच्या रांगेपर्यंत गेलो, तिथं उभा राहिलो, साठपर्यंत आकडे मोजले आणि बाहेर आलो. म्हटलं, "बघा, काही झालं नाही."

ती म्हणाली, "दम धरून हुबं ऱ्हायलासा की वो साएब. काचंतनं बगत हुते म्या. छाती हलली न्हाई तुमची."

चंदना, मला खरंच कळलं नव्हतं. मी ठरवून केलं नव्हतं. पण ती म्हणाली तेव्हा छातीत दुखत होतं, आणि मग कळलं की मिनिटभर मी श्वासच घेतला नव्हता.

अण्णा तोवर दारात येऊन उभे होते. राहीबाईनं माझ्या दंडाला धरून मला पुन्हा दाराकडे वळवलं. "आता परत जावा. आन् ह्या खेपंला शास घ्या."

गेलो. मागच्या रांगेपाशी उभा राहिलो. मग तोंड उघडून पोटभर श्वास घेतला. एक, दोन, दहा. काचेतून ती माझ्या छातीकडे बघत होती, आणि ओठ हलवून मोजत होती.

मग तिनं दार उघडलं, मला बाजूला सारलं आणि पहिला क्रेट उचलला.

इंद्रजित